आखाडातलं वरचं पाणी

यंदाच्या आखाडात मी माझ्या नव्या जावयाला मोटारीवर चालणारा धबधबा दाखवला आणि हा माझ्या लहानपणीचा आहे असं छातीठोकपणे सांगितलं.

झालं असं की लेकीचा, मुग्धाचा, लग्नानंतरचा हा पहिला आखाड. आखाडात नव्या सुनेनं सासरी राहू नये, माहेरी जावं, ही जुनी रीत. ती माहेरी आली. पण जावई दर शनिवारी तिच्यामागं येतो, त्यामुळे हा आखाड नक्की कोण कुणापासून पाळतंय ते आमच्या घरात कुणालाच सांगता येत नाही. जावई नागपूरचा, मुलगा सालस. "बाबा, तुमच्या गावाकडचा धबधबा बघायचाय," असं तो एकदा म्हणाला मात्र, आणि पुढच्या रविवारी मी सगळ्यांना गाडीत घातलं. पनवेल सोडलं, लोधिवली मागं टाकली, चौकवरून कर्जतकडं वळलो. वाटेत मी काय काय सांगितलं नाही! डोळे बांधले तरी मी तिथं पोचेन, हेसुद्धा सांगितलं. डोळे उघडे ठेवूनच चुकलो.

डोंगराच्या पायथ्याला रस्ता आता रुंद झालाय. एक वळण, एक बाण, झाडांमागून पाण्याचा आवाज. मी गाडी थांबवली, उतरलो आणि पानांतून दिसणाऱ्या त्या पांढऱ्या धारेकडं बघून गहिवरलो. "हाच तो," म्हणालो. "हा कातळ बघ. या कातळावर आम्ही पोरं बसायचो." जावयानं फोटो काढले. मी कातळाला हात लावून नमस्कार केला. तेवढ्यात गणवेश घातलेला एक माणूस आला. म्हणाला, "साहेब, जरा बाजूला व्हा. जेवणाची सुट्टी झाली, मोटार बंद करायचीय. तीनला परत चालू करू."

आणि त्यानं ती बंद केली. धार बारीक झाली, थेंब थेंब झाली, थांबली. मागं सिमेंटचा कातळ आणि वर पाइपाचं तोंड. आम्ही एका रिसॉर्टच्या मागच्या दारात उभे होतो.

जावई घोट्यापर्यंतच्या पाण्याकडं एकाग्रतेनं बघत राहिला. लेक वळून हसली. माझी बायको सुरेखा तेवढी माझ्याकडं सरळ बघत म्हणाली, "चला जेवून घेऊ. तुमचं बालपण तीन वाजता परत चालू होणारेय."

जेवताना माझ्या चुकीचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त वाटलं ते त्या डोंगराचं. तो समोर उभा होता, मी त्याच्या पायाशी बसून पनीर खात होतो, आणि मला त्यानं ओळख दिली नव्हती.

खरा धबधबा तिथून फार लांब नाही. भिवपुरी स्टेशनात उतरून डोंगराकडं चालत सुटलं की आमचं गाव, आणि गावाच्या पाठीशी तो. गावात त्याला धबधबा कुणी म्हणत नाही. तो शब्द सहलीच्या लोकांनी आणला. आम्ही म्हणतो वरचं पाणी. "वरचं पाणी सुटलं" म्हणजे रोपं उपटायला घ्या. "वरचं पाणी बारीक झालं" म्हणजे गणपती जवळ आले. ते बघायला मुद्दाम कुणी जात नसे. परसातल्या शेवग्याकडं कोण मुद्दाम बघतं?

मी एकदा मुद्दाम गेलो होतो, लग्न झालं त्या वर्षी. सत्तावीस आखाड झाले त्याला.

मी तेव्हा खोपोलीच्या एका कारखान्यात कामाला होतो. तिथल्या एका सोबत्यानं त्याच्या नात्यातली मुलगी सुचवली. मुलगी माणची. माण म्हणजे साताऱ्याकडचा तो दुष्काळी तालुका, जिथं बाया मैलभर चालून घागर आणत. बघायला गेलो तर मला तांब्याभर पाणी दिलं आणि मी निम्मं पिऊन निम्मं अंगणात फेकलं, आमच्याकडच्या सवयीनं. सगळी माणसं त्या ओल्या डागाकडं बघत राहिली. तरीही लग्न ठरलं. त्या लोकांचं मन मोठं होतं.

वैशाखात लग्न झालं. आणि मग आमचा पाऊस लागला. तिच्या माहेरी पाऊस पाहुण्यासारखा येतो, त्याची वाट बघतात, आला की कौतुक करतात. आमच्याकडं तो घरजावई. आला की हलत नाही, आणि चार महिने घरात त्याच्याच तालावर सगळं. वीस दिवस सुरेखानं ऊन पाहिलं नाही. लग्नातल्या शालूच्या घड्यांत बुरशी धरली. चुलीवर वाळवलेली लुगडी अंगाला धुराचा वास आणत. सुकट भाजली की ती तोंडाला पदर लावून मागच्या पडवीत जाऊन उभी राही, तर तिथं पागोळ्यांचं पाणी अंगावर. आवणी सुरू झाली, म्हणजे भाताची लावणी. तिनं कंबर मोडून रोपं लावली, ती मुळं नीट न दाबल्यामुळे तिच्यामागं एकेक करून तरंगत वर आली. बांधावरच्या बाया हसल्या. सगळ्याच हसल्या असं नाही, पण हसायला तीन बाया पुरतात. तिच्या पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या. रात्री ती बेचक्यांत हळद भरायची.

आणि मी? मी नोकरीवरून येऊन तिला पावसाचं सौंदर्य समजावून सांगत असे. चिखल्या झालेल्या माणसाला.

एका संध्याकाळी पडवीत ओली कापडं पिळता पिळता ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आप्पा आखाडाचं मूळ घेऊन येतील. मी गेले की परत येईनच, असं धरून चालू नका."

मूळ म्हणजे मुलीला माहेरी न्यायला आलेलं माणूस. चारच दिवसांनी तिचे वडील, आप्पा, आले. धोतर, टोपी, पायात जाड कातडी वहाणा, हातात पिशवी, पिशवीत आमच्यासाठी शेंगा. मी त्यांना मामा म्हणत असे. स्टेशनापासून घरापर्यंतच्या वाटेत ते नखशिखांत भिजले होते आणि तोंडावर अपार आनंद होता. दारातच म्हणाले, "पाव्हणं, लई झ्याक पडतोय की!" माझ्या आईला त्यात झ्याक काय ते कळेना.

आईला मूळ आल्याचंही रुचलं नव्हतं. तिच्या हिशेबानं आखाड म्हणजे आवणी, आणि आवणीत घरातली मांजरसुद्धा कुणी बाहेर धाडत नाही.

"आमच्यात आखाड नाय पाळत," आई म्हणाली. "हितं हात कमी पडतात. लोकं काय बोलतील?"

"ताई, रीत हाय," मामा म्हणाले. "म्हैनाभर. मग आनून घालतो."

आईनं सुरेखाकडं बघितलं. मग तिच्या पायांकडं बघितलं. माझी आई पस्तीस वर्षं त्याच चिखलात उभी राहिलेली बाई. तिला ते पाय वाचता येत होते. बराच वेळ ती चुलीतलं लाकूड पुढं-मागं करत राहिली.

"न्या," ती म्हणाली. "पन पोरीला आन् तुमाला आधी वरचं पाणी दाखवू दे. आमच्याकडं दुसरं हाय काय दाखवायला?" आणि माझ्याकडं वळून, "उद्या ने रं त्यांना. दुपारच्या गाडीच्या आत आन."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भाकऱ्या बांधून दिल्या आणि तेलाच्या रिकाम्या, धुतलेल्या प्लास्टिकच्या डब्यात तीन लिटर ताक. उघडीप होती. आम्ही तिघं निघालो.

ती वाट अजून माझ्या पायांना पाठ आहे, डोळ्यांना भले नसो. आधी बांधावरून, खाचरांतल्या पाण्यात आभाळ पडलेलं. बांधाच्या बिळातून मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, एक डोळा वर काढून बघतात आणि आत जातात. मग करवंदीच्या जाळ्या. मग साग. सागाची कोवळी पानं तळहातावर चोळली की हात लाल होतो. मामा पुढं गेलेले बघून मी सुरेखाचा हात धरला आणि पान चोळलं. तळहात मेंदीसारखा रंगला. ती बघत राहिली आणि म्हणाली, "हे धुतल्यावर जातंय का?" मी म्हणालो, "नाही." तर म्हणाली, "मग आधी विचारायचं हुतं." तरी हात तिनं लगेच काढून घेतला नाही, हे मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं. माणूस हरायला लागला की बारीकसारीक गोष्टी टिपतो.

पुढं ओढा लागतो. त्या दिवशी गुडघाभर होता, काचेसारखा. तो ओलांडला की उभी चढण, कारवीचं रान, आणि काळ्या कातळाच्या पायऱ्या, शेवाळलेल्या. मामांच्या वहाणा घसरू लागल्या. त्यांनी त्या काढून पिशवीत घातल्या आणि माझ्यापुढं झाले. मी दम खायला थांबलो की दगडांची माहिती सांगत असे, म्हणजे दम खातोय हे कळत नाही. सुरेखा म्हणाली, "तुमी इथलेच ना?"

आणि मग झाडी एकदम बाजूला झाली.

वरचं पाणी जवळून दिसत नाही, आधी अंगावर येतं. गार तुषारांची एक भिंत असते, तिच्यातून गेलं की छातीत धडधड सुरू होते, आणि ती आपली नसते, कातळाची असते. वर बघितलं तर डोंगराच्या कडेवरून आभाळच ओततंय. बाजूला रानहळदीची गुलाबी फुलं त्या वाऱ्यानं सारखी माना हलवतायत.

सुरेखा तोंड उघडं ठेवून उभी राहिली. मामांनी टोपी काढली. पाण्याला हात जोडले. पुष्कळ वेळानं माझ्याजवळ येऊन ओरडले, कारण तिथं ओरडल्याशिवाय काही ऐकूच येत नाही:

"हे सगळं जातंय कुठं?"

"उल्हास नदीला!"

"मग?"

"मग खाडीला! समुद्रात!"

त्यांनी थोडा विचार केला. "आन् कुनी काय म्हनत न्हाई?"

मी पाण्यात उतरलो, धारेखाली उभा राहिलो, दोघांना हातानं बोलावलं. दोघं आली नाहीत. प्यायच्या पाण्यात पाय घालायचा नसतो, असं मला नंतर सांगण्यात आलं. त्यांनी ओंजळीनं पाणी प्यायलं, तोंडावरून हात फिरवला आणि काठावर बसून भाकरी सोडली. ताक संपवलं. मीही पाण्यातून बाहेर येऊन दोन हातांच्या अंतरावर बसून भाकरी खाऊ लागलो. आणि बापलेकीचं बोलणं सुरू झालं.

ते बोलणं खासगी होतं. माझ्या माघारीच बोलायचं होतं. पण वरच्या पाण्यापाशी कुजबुज चालत नाही. मामा लेकीच्या कानाशी ओरडले, "पोरी, खरं सांग! तरास हाय का?"

"माणसांचा न्हाई!" सुरेखा ओरडली. "वल्याचा हाय! कापडं वाळत न्हाईत! त्या मासळीच्या वासानं पोटात कालवतंय! बाया हसत्यात!"

"सासू?"

"बोलतच न्हाई!"

"आन् जावई?"

"ते लई बोलत्यात!"

मी भाकरीकडं बघत होतो. भाकरीचा पापुद्रा इतका लक्ष देऊन मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता.

"म्हैन्यानं आनून घालू का न्हाई?" मामांनी विचारलं. "तू म्हनशील तसं! मी कुनाला भेत न्हाई!"

पाणी कोसळत होतं. मी चावायचं थांबलो. सुरेखा त्या धारेकडं बघत राहिली आणि मग सगळा जोर लावून ओरडली, "मला ठावं न्हाई, आप्पा!"

डोंगरानं ते परत एकदा म्हणून दाखवलं, की मलाच दोनदा ऐकू आलं, कुणास ठाऊक.

उठताना मामांनी ताकाचा डबा विसळला आणि कातळाच्या कडेला एक बारीक, स्वच्छ झुळझुळ होती तिच्याखाली धरून काठोकाठ भरला. मला हसू आलं. "मामा, खाली घरात पाणी, विहिरीत पाणी, अंगणात पाणी. हे कशाला?" ते म्हणाले, "पान्यावरनं रिकामं येत न्हाईत, पाव्हणं." सासऱ्यानं ओझं न्यावं आणि जावयानं हात हलवत चालावं हे शोभेना, म्हणून डबा मी घेतला.

अर्ध्या वाटेवर पाऊस आला. आमचा पाऊस ठोठावून येत नाही. ओढ्यापाशी पोचेपर्यंत तो लाल झाला होता, कमरेइतका चढला होता आणि पाचोळा, काटक्या घेऊन धावत होता. लाल पाणी आलं की थांबायचं, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी ते विसरलो. मला दुपारची गाडी दिसत होती. गाडी चुकली तर मामा चिडतील, चिडले तर लेकीला परत धाडणार नाहीत, असं काहीतरी डोक्यात. म्हटलं, दोन्ही हात मोकळे करावेत, एकेकाला धरून पलीकडं नेऊ. म्हणून मी डब्याचं झाकण उघडलं आणि सगळं पाणी ओतून दिलं.

ओढ्यात. चिखलात. त्या दोघांच्या देखत.

मामांनी मान खाली घातली, एखाद्यानं भरल्या ताटाला पाय लावल्यावर आपण बघायचं टाळतो तशी. आणि सुरेखा म्हणाली, "सांडलंत?" रागानं नव्हे. तिला खरंच कळत नव्हतं, की ज्याचा हात धरला तो माणूस असं करू कसं शकतो.

"अगं, एवढं पाणी आहे," मी म्हणालो. माझ्यामागं ओढा गरजत होता, डोक्यावर आभाळ गळत होतं, नाकाच्या शेंड्यावरून धार वाहत होती. सगळा पुरावा माझ्या बाजूनं होता. आणि तरी त्या क्षणी मला कळलं की मी चूक आहे. बघायला गेलो तेव्हाचा अंगणातला ओला डाग मला आठवला. तिला आमच्या पावसात राहायला शिकवायला मी निघालो होतो, आणि तिच्या घरचं एक साधं वळण मला तीन महिन्यांत कळलं नव्हतं.

"थांबा इथंच," मी म्हणालो. "ओढा उतरेपर्यंत हलू नका." आणि डबा घेऊन परत वर निघालो.

ओढ्यातलं लाल पाणी भरून चालणार नव्हतं. ती स्वच्छ झुळझुळ वरच होती. त्या पावसात मी पुन्हा ती चढण चढलो, पुन्हा त्या शेवाळलेल्या पायऱ्या, दोनदा गुडघ्यावर आपटलो. वर पोचलो तर वरचं पाणी ओळखू येईना, दुप्पट झालेलं, गढूळलेलं, डोंगर थरथरवत होतं. भीती वाटली. इतकी वर्षं ते माझ्या परसात होतं, पण भीती त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. त्याच्याजवळ न जाता कडेकडेनं त्या झुळझुळीपाशी गेलो, डबा भरला, झाकण घट्ट लावलं आणि छातीशी धरून उतरलो. उतरताना एकही दगड कुणाला समजावून सांगितला नाही.

खाली ओढ्याच्या अलीकडं, कारवीच्या आडोशाला दोघं उभी होती. मामांनी डबा माझ्या हातातून घेतला आणि एवढंच म्हणाले, "जड हाय." सुरेखानं माझ्या फुटलेल्या गुडघ्याकडं बघितलं आणि नजर दुसरीकडं वळवली. तासाभरानं ओढा उतरला. दुपारची गाडी अर्थातच गेली होती. संध्याकाळच्या गाडीनं ती दोघं गेली. मामांनी तो डबा पिशवीत घालून पार माणपर्यंत नेला. निरोप घेताना सुरेखा आईच्या पाया पडली. माझ्याशी काही बोलली नाही. मीही, आयुष्यात पहिल्यांदा, काही बोललो नाही.

यंदा रिसॉर्टमधून निघाल्यावर आम्ही गावाकडच्या वाटेला लागलो. पायथ्याला आता फलक आहे, पावसाळ्यात वर जायला मनाई. ठीकच आहे. लाल पाणी कुणाला ओळखता येत नाही, आणि दरसाल कुणाचं तरी मूल त्या ओढ्यात जातं. आम्ही रस्त्यावरूनच बघितलं. झाडीच्या वर, ढगात अर्धं गेलेलं, एक पांढरं सूत. आवाज नाही, तुषार नाहीत. "एवढंसंच?" मुग्धा म्हणाली. जावई मात्र पुष्कळ वेळ बघत राहिला. मला तो मुलगा त्या क्षणी आवडला. मामा असते तर त्यांनाही आवडला असता. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. शेवटपर्यंत ते भेटले की आधी विचारायचे, "वरचं पानी सुटलं का?"

त्या वर्षीचा आखाड मात्र सरता सरेना. कारखान्यातून आलो की मी खाचरात उतरायचो. दिवे लागेपर्यंत रोपं लावायचो. माझीही तरंगायची. माझ्याही बोटांत चिखल्या झाल्या, आणि हळद किती झोंबते ते कळलं. आई काही विचारायची नाही. फक्त सुकट भाजायची तिनं बंद केली होती. पत्र टाकावं असं रोज वाटे. पत्रात काय लिहिणार? पावसाचं वर्णन?

महिन्यानं आणून घालू का नाही, या प्रश्नाला माझ्या देखत उत्तर मिळालंच नव्हतं. मी बोटांवर दिवस मोजत होतो, आणि मोजून झाल्यावर काय होणार ते ठाऊक नव्हतं.

सतराव्या दिवशी मी कारखान्यातून परतताना भिवपुरीला उतरलो. मुसळधार पाऊस होता. फलाटाच्या टोकाला, छपराच्या बाहेर, एक बाई पिशवी डोक्यावर धरून उभी होती. एकटीच. आखाड अजून जवळजवळ निम्मा बाकी होता. मी धावत गेलो. माझ्या तोंडातून शब्द फुटेना, आणि हे तिला इतकं नवीन होतं की ती मला आजारी आहात का म्हणून निरखू लागली. मग तिनं पिशवी माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि पाऊस पडतोय हे जणू तिला दिसतच नाही अशी चालायला लागली.

"आवणी कुठवर आली?" ती म्हणाली. "का मी येईन म्हणून सगळी हात बांधून बसलाय?"